चार नंबरचा दिवा

आमच्या वखारीत सात गोडाऊन आहेत आणि प्रत्येकाच्या दारावर एक स्क्रीन आहे. त्या स्क्रीनवर एकच मोठा गोल दिवा दिसतो. लाल असेल तर आत विषारी गॅस आहे, पिवळा असेल तर अजून थांबा, हिरवा असेल तर खुशाल आत जा. हे इतकं सोपं करून द्यायला मला दीड वर्ष लागलं. बिघडवायला एक ओळ पुरली.

गव्हाला कीड लागू नये म्हणून गोडाऊन बंद करून आत गोळ्या टाकतात. हवेतला ओलावा लागला की त्या गोळ्यांतून गॅस सुटतो. सात दिवस सगळं चिकटपट्ट्या लावून बंद. आठव्या दिवशी मास्क घातलेली माणसं खिडक्या उघडतात, पंखे लावतात आणि मग गॅस निघून जायची वाट बघायची, कधी दिवसभर, कधी दोन दिवस. किड्याला न सोडणारा गॅस माणसालाही सोडत नाही. आत लावलेले सेन्सर दर मिनिटाला आकडा पाठवतात, तो माझ्या सर्व्हरवर येतो आणि सर्व्हरवरचा डॅशबोर्ड त्या आकड्याचा दिवा करून दारावर दाखवतो. तो डॅशबोर्ड मी सांभाळते. वजनकाट्याच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. एक टेबल, दोन स्क्रीन, आणि अंगणाकडे उघडणारी, पण फक्त ट्रकांची छपरं दाखवणारी खिडकी.

गोळ्यांचं काम बघणारे मुकादम म्हणजे माझे सासरे. हमालांचे ते मुकादम, मी त्यांना बाबा म्हणते. त्यांचा एक नियम तीस वर्षं चालत आलेला आहे: गोडाऊन उघडलं की पहिलं पाऊल त्यांचं. एकटे आत जाणार, पोत्यांच्या शेवटच्या थप्पीपर्यंत चालणार, परत येणार आणि मगच हमालांना हाक मारणार. स्क्रीन येण्याआधी ते दाराशी उभे राहून वास घ्यायचे. त्या गॅसला लसूण नासल्यासारखा वास असतो. नाकाला पटलं की आत.

मी दिवे बसवले तेव्हा त्यांच्या नाकाचा अपमान झाला. पहिल्याच महिन्यात एका सेन्सरची वायर सैल झाली आणि रिकाम्या गोडाऊनवर दोन तास लाल दिवा लागून राहिला. पंधरा हमाल बाहेर ताटकळत. बाबांनी सगळ्यांदेखत, वखारीच्या साहेबांदेखत, मला सुनावलं, "सूनबाई, हा टीव्ही घरी घेऊन जा आणि त्याच्यावर सिरीयल बघ. इथे आम्हाला काम आहे." हमाल पोट धरून हसले. मी त्यानंतर अकरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जेवताना नवऱ्याला सांगायचे, "त्यांना सांगा, भाजी अजून आहे." तेही नवऱ्याला सांगायचे, "तिला सांग, पोट भरलं." नवरा बिचारा दोन्हीकडचा पोस्टमन झाला होता.

मग हिवाळ्यात बाबांना सर्दी झाली. दोन नंबरच्या दारात उभे राहून त्यांनी वास घेतला, काही नाही म्हणाले आणि आत पाऊल टाकणार, तर दिवा लाल. मी धावत जाऊन आडवी आले. हातात धरायच्या मीटरने मोजलं तर आकडा असा होता की बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या दिवसापासून त्यांनी दिव्याला कधी उलट विचारलं नाही. उलट सगळ्या वखारीला सांगत सुटले, "आमच्या सुनेचा दिवा खोटं बोलत नाही." घरीसुद्धा पाऊस येईल का असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "दिवा काय म्हणतो, बघ." मला मनातून फार बरं वाटायचं. हातातलं मीटर पुढे दुरुस्तीला गेलं ते तीन महिने परत आलंच नाही, आणि कुणी मागितलंही नाही. मीही नाही.

त्या दिवशी चार नंबर उघडून जेमतेम पाच तास झाले होते. सकाळी आठला खिडक्या उघडल्या होत्या, पंखे चालू होते, दिवा लाल होता. संध्याकाळपर्यंत तो लालच राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेबांचा तिसरा मेसेज पावणेएकला आला. चार वाजता मुख्य ऑफिसची माणसं तपासणीला येणार होती आणि डॅशबोर्डची सगळी प्लगइन नवी करून हवी होती, कारण जुन्यांत म्हणे कुणीही बाहेरून घुसू शकतं. प्लगइन म्हणजे डॅशबोर्डला जोडलेले छोटे सुटे भाग. कुणी आलेख काढतं, कुणी नकाशा दाखवतं. माझा दिवासुद्धा असंच एक प्लगइन, कुठल्याशा देशातल्या कुणा हौशी माणसाने बनवलेलं आणि फुकट वाटलेलं.

हे काम करायची योग्य पद्धत मला माहीत आहे. आधी सुट्या मशीनवर करून बघायचं. मग एकेक प्लगइन नवं करायचं, प्रत्येक वेळी रीस्टार्ट करून डोळ्यांनी तपासायचं. दोन आठवडे मी हे उद्यावर ढकलत होते. त्यात साहेबांच्या मेसेजच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं होती आणि मला उद्गारचिन्हांचा राग येतो. डबा समोर उघडलेला होता. मी स्क्रीनवर कमांड द्यायची काळी खिडकी उघडली, यादी मागवली. अकरा नावं आली, त्यातल्या नवांच्या पुढे नवी आवृत्ती आहे असं लिहिलेलं. नऊ वेळा तेच ते कोण करणार? जेवणाच्या सुट्टीत गोडाऊन कोण उघडतंय? मी एकच कमांड दिली: सगळी नवी कर. नऊ ओळी भराभर सरकल्या, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. रीस्टार्ट केलं. एक वाजून पाच मिनिटांनी डॅशबोर्ड परत उभा राहिला. दिव्यांना आता छान चकाकी आली होती. साहेबांना "झालं" असं पाठवलं, उद्गारचिन्ह न लावता, आणि जेवायला बसले.

जेवता जेवता सहज वर बघितलं. सात दिवे, सातही हिरवे.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते, कारण ते मला अजून विसरता येत नाही. मला वाटलं, वा, चार नंबर लवकर मोकळं झालं. आणि मी पुढचा घास घेतला.

तो घास गिळता गिळता दिव्याखालचा आलेख दिसला. दारावरच्या स्क्रीनवर आलेख नसतो, आकडाही नसतो. लोकांचा गोंधळ होतो म्हणून मीच तो काढून टाकला होता. माझ्या स्क्रीनवर मात्र असतो. चार नंबरचा आकडा होता अडतीस. सुरक्षित म्हणजे शून्य पूर्णांक तीनच्या खाली. अडतीस, आणि वर हिरवागार दिवा.

पान पुन्हा उघडलं. हिरवा. पुन्हा उघडलं. हिरवा. आकडा सदतीस झाला. सहा नंबर तर अजून पूर्ण बंद, आत गोळ्या तशाच, तिथला आकडा काही शेकड्यांत. तोही हिरवा. प्लगइनसोबत आलेली टीप उघडली, जी मी आधी वाचायला हवी होती. चार ओळी होत्या. जुन्या मर्यादा, म्हणजे कितीला लाल आणि कितीला हिरवा ते, आता वाचल्या जाणार नाहीत, नव्याने भरा. मर्यादा न भरल्यास दिवा मूळ रंगात दिसेल. मूळ रंग हिरवा.

घड्याळात एक वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. म्हणजे चौदा मिनिटं चार नंबरच्या दारावर हिरवा दिवा होता, आणि बाबा जेवायला घरी येत नाहीत, ते गोडाऊनच्या सावलीतच डबा खातात.

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. वाजणारच; गॅस फोनमधलं तांबं खातो म्हणून सगळे फोन दारापासून लांब, पंपाच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचे असतात आणि बाबा तो नियम कधी मोडत नाहीत. मेन गेटला फोन केला. वॉचमन म्हणाला, "मॅडम, मी गेट सोडून कसा जाऊ? दोन गाड्या उभ्या आहेत." मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याने फोन ठेवला.

इथे मी उठून पळायला हवं होतं. जिना माझ्यापासून पाच पावलांवर होता. पण मी बावीस वर्षांची असल्यापासून कीबोर्डसमोर बसते आहे. भीती वाटली की माझी बोटं धावतात, पाय नाही. नव्या मर्यादा भरायला गेले तर नवं पान कुठे काय मागतंय तेच कळेना. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. मग काळ्या खिडकीत जुन्या आवृत्तीचा आकडा टाकून तीच परत बसव म्हणून कमांड दिली. आकडा चुकला. पुन्हा दिली. ती खाली उतरू लागली, सात टक्के, नऊ टक्के, नऊ टक्के, नऊ टक्के. मी त्या नऊकडे बघत मोठ्याने शिव्या देत होते. मग सुचलं, सर्व्हरच बंद करावा. दिवा विझला तर बाबा आत जाणार नाहीत. बंद केला. माझ्या खोलीतली स्क्रीन कोरी झाली आणि मला जरा हायसं वाटलं.

आणि मग आठवलं. नेटवर्क जरा अडखळलं की दारावरच्या स्क्रीन काळ्या पडायच्या आणि हमाल हसायचे, "मॅडमचा टीव्ही गेला." ते हसू मला सहन व्हायचं नाही. म्हणून मीच त्या अशा लावून ठेवल्या होत्या की सर्व्हर मिळाला नाही तर शेवटचं चित्र तसंच धरून ठेवायचं. चार नंबरच्या दारावर आता हिरवा दिवा गोठून बसला होता. मी काहीही टाइप केलं तरी तो बदलणार नव्हता.

तेव्हा पळाले. एक वाजून चोवीस मिनिटं.

चार नंबर अगदी टोकाला आहे. मध्ये ट्रकांच्या दोन रांगा, त्यांच्यामधून एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट. मी ट्रकांच्या फळ्यांना खांदे आपटत धावत होते. कुणीतरी हॉर्न वाजवला, कुणीतरी विचारलं, "आग लागली का, मॅडम?" कुशीत कळ येत होती. सारखं एकच वाक्य मनात येत होतं: ते अजून जेवत असू दे. बाबा जेवताना प्रत्येक घास मोजल्यासारखा चावतात, घरी त्यांच्यासाठी सगळ्यांना ताटावर खोळंबावं लागतं, मी त्यावरून कितीदा नाक मुरडलं आहे. आज तसेच सावकाश जेवा, म्हणत होते मी, बसा अर्धा तास, तास बसा.

चार नंबरच्या सावलीत तीन हमाल बसले होते. बाबांचा डबा भिंतीशी, पुसून, झाकण लावून ठेवलेला.

"मुकादम कुठेत?"

"आत," सगळ्यात म्हातारा हमाल म्हणाला. सगळे त्याला काका म्हणतात. "दिवा लवकर हिरवा झाला की आज. म्हणाले, तुम्ही बसा, मी जाऊन येतो."

"कधी गेले?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "झाली असतील सात-आठ मिनिटं."

शेवटच्या थप्पीपर्यंत जाऊन परत यायला चार मिनिटं लागतात. हे त्या तिघांच्याही लक्षात त्याच क्षणी आलं, कारण काका उठून उभा राहिला.

मोठ्या शटरमधलं छोटं दार उघडं होतं. त्याच्यावर स्क्रीन, स्क्रीनवर माझा दिवा, हिरवा, चकाकी असलेला. मी दाराशी पोहोचले आणि वास आला. नासलेला लसूण. इतका स्पष्ट, की आंधळ्यालाही कळावा. आत अंधार, थप्प्यांच्या भिंती आणि पंख्यांची घरघर. मी ओरडले, "बाबा! बाबा, बाहेर या!" माझा आवाज पोत्यांत मुरून गेला.

मी आत शिरणार तेवढ्यात काकाने मागून दंड धरला. एवढा म्हातारा माणूस, पण पकड अशी की हलता येईना. हमालांत एक ताडमाड उंच आहे, त्याला लंबू म्हणतात. त्याने भिंतीवरच्या पेटीतून मास्क काढला, हवा गाळणारी डबी फिरवून बघितली, पट्टा डोक्यावरून घेतला, ओढला, पुन्हा सैल केला, गालाशी बोट फिरवून फट राहिली नाही ना ते बघितलं. मी किंचाळले, "अरे, जा ना! काय नटतोस!" त्याने मास्क जरा वर करून शांतपणे सांगितलं, "बाई, एक माणूस असाच आत गेलाय. दुसऱ्याला नीट जाऊ दे." आणि गेला.

मी मोजायला लागले. दुसरं काही करायला नव्हतं. वीसपर्यंत त्याची पाठ दिसत होती, मग वळणावर गेली. साठ झाले. तिसरा हमाल पाण्याची बादली घेऊन आला आणि ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. शंभर. काका तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता, मला वाटलं प्रार्थना असेल, पण तोही आकडेच मोजत होता. नवऱ्याला काय सांगायचं हे मी एव्हाना शब्द जुळवून तयार केलं होतं, आणि ते तयार आहे याचीच मला भयंकर लाज वाटली. एकशे तीस. एकशे चाळीस. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते; बाळंतपणात मूल रडेना तेव्हासुद्धा नाही.

एकशे सत्तावन्नला लंबू दिसला. त्याने बाबांना दोन्ही काखांत धरून मागे मागे ओढत आणलं होतं. बाबांच्या टाचांच्या दोन रेघा धुळीत उमटत आल्या. बाहेर आणून मोकळ्या हवेत झोपवलं तेव्हा डोळे अर्धवट उघडे होते, ओठ निळसर, शर्टावर उलटी. श्वास होता. शिट्टीसारखा, पण होता. मी हाक मारली तर त्यांची बुबुळं माझ्याकडे वळली.

काका गाडी सांगायला पळाला. मी उठले आणि स्क्रीनचा प्लग भिंतीतून उपटून काढला. दिवा गेला. मग लंबूला सांगितलं, बाकीच्या सगळ्या दारांवरचे प्लग काढ, आधी सहा नंबरचा. तो धावला. एवढंच करायचं होतं. दहा मिनिटांपूर्वी कुणीही हे करू शकलं असतं.

हॉस्पिटलमधली डॉक्टर वयाने माझ्याहून लहान असेल. तिने कुठला गॅस, किती वेळ, आकडा किती ते विचारलं. मी म्हटलं, सदतीस, आणि अंदाजे अकरा मिनिटं. तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, "याच्यावर उतारा नाही. ऑक्सिजन देऊ, हृदयावर लक्ष ठेवू. आता ठीक दिसतील, पण फुप्फुसात पाणी नंतरही भरू शकतं. दोन दिवस जाऊ द्यावे लागतील."

नवरा आला. सासूबाईंना नातीजवळ ठेवून आला होता. "काय झालं?" म्हणाला. मी जुळवून ठेवलेलं वाक्य ऐनवेळी आठवलंच नाही. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं. मी दिवा बिघडवला. त्यांनी हिरवा बघितला आणि ते गेले." बाहेर खुर्च्यांची रांग होती. तो माझ्या शेजारची एक खुर्ची सोडून बसला. त्या रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसावं असं मला सारखं वाटत होतं.

संध्याकाळी साहेबांचा फोन. काळजीने चौकशी केली, मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही घाबरू नका. नियम बघितला तर मास्क न घालता आत जायचंच नव्हतं. मुकादम तसेच गेले. रिपोर्टमध्ये तेवढंच लिहू."

"दिवा हिरवा असेल तर मास्क लागत नाही, असा नियम तुम्हीच भिंतीवर लावलाय," मी म्हटलं. "दिवा हिरवा होता. तो मी केला. न तपासता सगळी प्लगइन एकदम बदलली. आणि मीटर तीन महिने दुरुस्तीत आहे. लिहा सगळं. नाहीतर मी लिहिते."

फोन ठेवला तर नवरा माझ्याकडे बघत होता. तो उठला, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि मधल्या खुर्चीवर बसला.

दोन दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. बाबा खोकले की मी दाराच्या काचेला नाक लावायचे. नर्स घाईने चालली की मी उठून तिच्या मागे जायचे; एकदा ती नुसती चहाला चालली होती. मिटल्या डोळ्यांपुढे अडतीस हा आकडा यायचा. मी घर बदलायचं ठरवलं, नोकरी सोडायचं ठरवलं, कॉम्प्युटरला पुन्हा हात न लावायचं ठरवलं. बाबांना काही झालं तर या घरात मी कुठल्या तोंडाने राहणार, हे मात्र काही केल्या ठरेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आली आणि म्हणाली, "फुप्फुसं स्वच्छ आहेत. हृदय ठीक आहे. धोका टळला." नवरा भिंतीला टेकून रडला. मग म्हणाला, "तू आधी जा. त्यांनी तुलाच बोलावलंय."

मी आत गेले. बाबा उशीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, नाकात नळी. मी पायाशी उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. प्लगइन, मर्यादा, एकदम बदलायची घाई, साहेबांवरचा राग. त्यांना त्यातलं निम्मं कळलं नसेल. शेवटी म्हटलं, "बाबा, दिवा खोटा होता. तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता."

"होता की," बाबा म्हणाले. आवाज बसलेला होता. "दारातच वास आला होता मला."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय आलं होतं?"

"वास. चांगला घमघमत होता. सर्दी नव्हती या वेळी."

"मग आत कशाला गेलात?"

ते जरा वेळ चादरीच्या काठाशी चाळा करत राहिले. "तिघं बघत होते ना. मी दारात उभा राहून नाक वर केलं असतं तर लगेच म्हणाले असते, बघा, सासऱ्याचाच विश्वास नाही सुनेच्या दिव्यावर. एकदा मी तुला सगळ्यांदेखत बोललो होतो. हसले होते सगळे." दम लागला म्हणून थांबले. "म्हटलं, तिचा दिवा हिरवा म्हणतोय, तर माझं नाकच म्हातारं झालं असेल."

दोन दिवसांची माझी सगळी भीती या एका वाक्यापुढे काहीच नव्हती. आणि मग मी सासऱ्यांवर ओरडले. लग्नाला नऊ वर्षं झाली, अबोला धरला, टोमणे मारले, पण आवाज चढवला नव्हता. "वास आला तर मागे फिरायचं, बाबा! माझा दिवा गेला खड्ड्यात! हमाल हसले तर हसू दे मला! नाक सांगेल ते ऐकायचं, मी सांगेन ते नाही! कळलं?"

नर्स धावत आली. "अहो, हळू! पेशंट आहेत ते. कोण तुम्ही यांच्या?" तिने माझा दंड धरून मला दाराकडे वळवलं.

बाबांनी डोळे मिटून घेतले होते. माझ्या ओरडण्याचा त्यांना जराही राग आलेला दिसत नव्हता. उलट चेहऱ्यावर समाधान होतं, मान हळूच हलली.

"बरं बाई," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं."